कोणता बोअर घेऊ, काका?

रविवारी सकाळी रेंजवर थर्मासमधला पहिला चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. मागच्या महिन्यात आलेला पोरगा तर सगळं, रायफलीचं काडतूससुद्धा, ठरवूनच आला होता. "काका, मी त सहा पॉइंट पाच क्रीडमूरच घेऊन राहिलो. तुम्ही फक्त स्कोप कोनता बसवू ते सांगा."

मी विचारलं, "मारशील कुठे?"

"हजार यार्डावर."

"ते समजलं बाबू. पण कुठे?"

पोरगा गप्प. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. जवळजवळ किलोमीटरभर मोकळी जमीन, शेवटी मातीचा उंच बांध, आणि वर सरकारी परवानगी. नागपुरात अशी जागा तुमच्या-माझ्यासाठी नाही.

त्याला त्या दिवशी तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं ते इथे सलग लिहितो आहे. ज्यानं अजून रायफल धरलीच नाही, किंवा फक्त एअर रायफल धरली आहे, आणि ज्याला लांबच्या कागदावर नेम साधायचा आहे, त्याच्यासाठी. कागदावरच, हे मुद्दाम सांगतो. शिकारीचं डोक्यात असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा आणि घरी बसा.

पहिली पायरी: शब्द नीट समजून घ्या

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीचा आतला व्यास, म्हणजेच गोळीची जाडी. .२२ म्हणजे इंचाचे बावीस शतांश. इथपर्यंत सगळ्यांना कळतं, घोळ पुढे होतो.

.२२ एलआर आणि .२२३ रेमिंग्टन, दोघींची गोळी जाडीला जवळपास सारखी. पण पहिलीची गोळी ४० ग्रेनची, आणि मॅचची, म्हणजे स्पर्धेसाठीची, असेल तर सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. दुसरीची ५५ ते ८० ग्रेनची आणि वेग ८०० मीटरच्या पुढे. ताकदीत दहापटीहून जास्त फरक. उलट .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ही तीन वेगवेगळी नावं, पण गोळी तिघांची ०.३०८ इंचाची. बदलतं ते मागचं पितळी कवच, त्यातली दारू आणि खांद्याला बसणारा धक्का. म्हणून 'बोअर ठरवला' म्हणताना आपण खरं तर काडतूस ठरवत असतो. अर्जावर, परवान्यावर, दुकानात काडतुसाचं पूर्ण नाव लिहायचं आणि बोलायचं. चुकीचं काडतूस चुकीच्या नळीत गेलं तर रायफल फुटते, चेहराही.

ग्रेन हे दाण्यावरून आलेलं वजनाचं माप, आपल्या सोनाराच्या गुंजेसारखं. १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम.

आणि एक शब्द कानावर सतत पडेल: एमओए. मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग, कोनाचं माप आहे. १०० मीटरवर एक एमओए म्हणजे २.९ सेंटिमीटर, ३०० मीटरवर ८.७. अंतर वाढलं की त्याच प्रमाणात वाढतं. हे एकदा डोक्यात बसलं की दोन वेगळ्या अंतरांची तुलना करता येते, आणि पुढची सगळी गंमत त्या तुलनेतच आहे.

दुसरी पायरी: कुठे मारणार ते आधी ठरवा

आपल्याकडच्या स्पर्धा आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, अंतरांवर चालतात. रायफलीसाठी १०, ५० आणि ३०० मीटर. १० मीटरला .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल. ५० मीटरला .२२ एलआर. ३०० मीटरला सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध ठिणगीची टोपी असलेलं मोठं काडतूस, कॅलिबर जास्तीत जास्त ८ मिलिमीटर. व्हिडिओत दिसणारी ८००, ९००, १००० यार्डांची दुनिया वेगळी: इंग्लंडचं बिस्ले, तिथली फुलबोअर, म्हणजे मोठ्या काडतुसांची नेमबाजी, आणि पाल्मा, एफ-क्लास हे तिचे लांब पल्ल्याचे प्रकार. चांगलीच आहे, पण तिचं तिकीट नागपूर स्टेशनवर मिळत नाही.

१० मीटरची सोय नागपुरात होते. एसी हॉल असला की भागतं. ५० मीटरला उघडी रेंज लागते, तिथे वेळ ठरवून, रांग लावून मिळतं. पुण्याला बालेवाडीला स्पर्धा असली की रात्रभराचा प्रवास धरायचा. ३०० मीटर आणि त्यापुढच्या रेंज मात्र बहुतेक करून लष्कर, निमलष्करी दलं आणि पोलिसांच्या हातात आहेत. आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं नाव म्हणजे मध्य प्रदेशातलं महू, जिथे लष्कराचं मार्क्समनशिप युनिट आहे. कामठी छावणी घरापासून अर्ध्या तासावर आहे म्हणून तिथे रायफल घेऊन जाता येईल असं समजू नका. हे मला विचारणारे दरवर्षी दोन-तीन निघतात.

आता एक कागद घ्या. वर्षभरात कोणत्या अंतराच्या रेंजवर किती वेळा उभं राहता येईल, प्रामाणिकपणे लिहा. बहुतेकांचा कागद असा दिसतो: १० मीटर, शंभर दिवस. ५० मीटर, तीस-चाळीस दिवस. ३०० मीटर, जमलं तर दोन. या कागदावर ज्या अंतरापुढे मोठा आकडा आहे, त्याचं काडतूस तुमचं.

तिसरी पायरी: कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. .१७७ पर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. ओळखपत्र लागतं, पावती जपून ठेवायची. सामन्याची एअर रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते, त्यामुळे अडचण नाही. इथे एक जण हमखास फसतो: '.२२ एअर' म्हणून मिळणारी छर्‍याची रायफल आणि .२२ एलआर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि .२२ एअर ही .१७७ च्या मर्यादेबाहेर जाते. एअर म्हटलं की सगळं मोकळं, असं नाही.

.२२ एलआरपासून पुढे परवाना लागतो. नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. वय साधारणपणे २१ पूर्ण. लहान नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे, ती जिल्हा संघटनेमार्फत समजून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंना सूट आहे. पण खेळाडू म्हणून ओळख व्हायची तर आधी संघटनेचं सदस्यत्व, मग जिल्हा, राज्य, मावळंकर (राष्ट्रीयच्या आधीची पात्रता स्पर्धा), राष्ट्रीय असा गुणांचा रस्ता. चांगली परदेशी रायफल आणि काडतुसं आयात करायची सवलत नॅशनल रायफल असोसिएशनच्या शिफारशीनं, ठरावीक दर्जा गाठलेल्या खेळाडूला मिळते. म्हणजे आधी गुण, मग रायफल. पोरांना वाटतं उलटं आहे.

आता ज्यासाठी हा लेख उघडला तो भाग. .३०३, ७.६२ मिलिमीटर, ९ मिलिमीटर हे फौजेचे बोअर, म्हणून आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. जगभर लांब पल्ल्यासाठी सर्रास वापरलं जाणारं .३०८ विंचेस्टर हे फौजेच्या ७.६२ × ५१ चं सख्खं भावंड, बाहेरच्या मापांनी जवळजवळ तेच. तेव्हा .३०८ च्या वाटेला जाण्याआधी परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्या. दुकानदाराचं 'होऊन जाईल भाऊ' हे लेखी उत्तर नव्हे. आणि परवान्याशिवाय घरी काडतुसं भरायचा, म्हणजे रिकाम्या कवचात दारू आणि गोळी बसवून नवी बनवायचा, विचारही मनात आणू नका. परदेशी व्हिडिओत अर्धी चर्चा त्यावर असते, इथे तो थेट गुन्हा आहे.

चौथी पायरी: वर्षाला किती गोळ्या?

बोअर निवडताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी पहिला विचारतो.

.२२ चा नेमबाज आठवड्यातून तीन दिवस ६० गोळ्या मारतो असं धरा. आठवड्याला १८०, वर्षाला नऊ हजारांच्या घरात. परीक्षा, लग्नसराई, पावसाळा वजा केला तरी पाच-सहा हजार. दुसरा .३०-०६ घेऊन बसलेला. वर्षात चार वेळा कुठेतरी सोय झाली, दर वेळी वीस गोळ्या. ऐंशी. दोन वर्षांनी दोघांना एकाच रेंजवर, अनोळखी रायफलीसह झोपवा. कोण जिंकेल हे सांगायला मी लागत नाही.

शिवाय परवान्यावर काडतुसांची मर्यादा छापलेली असते. ती वाचा. जितकी काडतुसं मिळणार नाहीत तितका सराव होणार नाही. नळीचंही आयुष्य असतं: .२२ ची नळी हजारो गोळ्या कुरकुर न करता खाते, .३०८ ची साधारण पाच हजारांपर्यंत स्पर्धेच्या कामाची राहते, ६.५ क्रीडमूरची अडीच-तीन हजार, आणि ६.५-२८४ सारख्या तापट काडतुसाची हजार-बाराशेतच थकते.

पाचवी पायरी: .२२ ला लहान समजू नका

इथे थोडा वेळ थांबू, कारण लांब पल्ल्याचं खरं शिक्षण इथे आहे.

वारा गोळीला ढकलतो तो तिच्या वेगामुळे कमी आणि वाटेत ती किती मंदावते त्यामुळे जास्त. .२२ ची शिशाची बोथट गोळी हवेत पटकन मंदावते, म्हणून वारा तिला खेळवतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलतात एवढाच, ५० मीटरवर .२२ ची मॅच गोळी तीन सेंटिमीटरच्या पुढे सरकवतो. दोन एमओएच्या थोडं वर. आता .३०८ ची १६८ ग्रेनची गोळी त्याच वाऱ्यात ३०० यार्डांवर किती सरकते? साधारण १९ सेंटिमीटर. तेही दोन एमओएच्या थोडं वर! म्हणजे वाऱ्यापुरतं बोलायचं तर ५० मीटरवरची .२२ आणि ३०० यार्डांवरची .३०८ एकाच वर्गात बसतात. .२२ ला १०० मीटरवर नेलं तर ती .३०८ च्या साडेचारशे-पाचशे मीटरइतकी भांडते.

आता दहाची कडी, म्हणजे लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ, बघा. ५० मीटरच्या लक्ष्यावर ती १०.४ मिलिमीटरची आहे. ३०० मीटरच्या लक्ष्यावर १०० मिलिमीटरची. ऐकायला मोठी, पण तेच ३०० चं लक्ष्य ५० मीटरवर आणून लहान केलं तर त्याची कडी जवळजवळ १७ मिलिमीटरची होईल. ५० मीटरचा कागद कोनाच्या हिशेबानं जास्त कडक आहे.

आणि एक उलटी गोष्ट. .२२ मध्ये हाय व्हेलॉसिटी काडतुसं मिळतात, वेग ३८० च्या आसपास. नवा माणूस म्हणतो, वेगवान म्हणजे वाऱ्यात कमी हलणार. उलट जास्त हलतात! ध्वनीच्या वेगाच्या वरून खाली येताना हवा त्यांना जोरात मागे ओढते, आणि वाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून मॅचची .२२ मुद्दाम ध्वनीपेक्षा हळू ठेवलेली असते.

तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पोटावर झोपून मारायच्या प्रकाराचं) जागतिक विजेतेपद मिळवलं ते .२२ वर. स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य ४५१.४ गुणांनी घेतलं तेही .२२ वर. दोघंही कोल्हापूरचे. विदर्भानं यावर जरा मनन करावं. ऊन जास्त आहे ही सबब मी तीस वर्षं ऐकतो आहे, आणि थोडी वापरतोही.

तर १० मीटरची एअर रायफल सहा महिने ते वर्षभर, तिथे पाव मिलिमीटरचा फरकही गुण खातो कारण दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मग संघटनेच्या .२२ वर, प्रशिक्षकासमोर. स्वतःची .२२ त्यानंतर.

सहावी पायरी: मोठे बोअर, एकेक करून

तरी मोठं घ्यायचंच आहे, किंवा उद्या परदेशात मारायची संधी आली, तर कशाला काय म्हणतात ते माहीत असावं.

*.२२३ रेमिंग्टन.* धक्का कमी, शिकायला उत्तम. ८० ग्रेनची लांबट गोळी घेतली तर लांबही जाते, पण वाऱ्यात फार डोकं लावावं लागतं. एफ-क्लासच्या टी-आर गटात फक्त हे आणि .३०८ चालतं.

*६ मिमी बीआर.* ३०० मीटरवाल्यांचं लाडकं. आखूड, बुटकं कवच, सौम्य धक्का, आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, असा की पाहणाऱ्याला वाटावं एकच गोळी मारली. १००० यार्डांसाठी मात्र नेहमीची पहिली निवड नव्हे.

*६.५ क्रीडमूर.* २००७ मध्ये आलं. सगळे याच्या मागे का लागतात? गोळी लांब आणि सडपातळ, हवा कापत जाते. ताशी १६ किलोमीटरच्या वाऱ्यात १००० यार्डांवर .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी अडीच मीटरच्या आसपास सरकते, क्रीडमूरची १४० ग्रेनची दोन मीटरच्या आत. धक्काही कमी. कारण खरं आहे, फॅशन नाही. पण हा फायदा ३०० मीटरवर जेमतेम काही सेंटिमीटरचा उरतो, आणि आपला प्रश्न तोच आहे. स्वीडनचं ६.५ × ५५ हे १८९० च्या दशकातलं काडतूस हीच गुणवत्ता तेव्हापासून दाखवत आलं आहे, त्याची जाहिरात कुणी केली नाही इतकंच.

*.३०८ विंचेस्टर.* १९५२ चं. पाल्माचं काडतूस हेच, १५५ ग्रेनच्या गोळीसह. फार हुशार नाही, पण भरवशाचं, नळी टिकते. कायद्याचं वर सांगितलंच.

*.३०-०६.* १९०६ चं. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यानं या बोअरची स्पोर्टिंग रायफल बनवली, म्हणून नाव ओळखीचं. कागदावर नेमबाजीसाठी .३०८ पेक्षा दारू जास्त, धक्का जास्त, फायदा थोडका.

*.३०० विंचेस्टर मॅग्नम, .३३८ लापुआ मॅग्नम.* नव्या माणसानं लांबूनच नमस्कार करावा. शंभर गोळ्यांत खांदा बिचकायला शिकतो, आणि बिचकण्याची सवय एकदा लागली की सुटायला वर्ष जातं. त्यात .३३८ ची गोळी ८ मिलिमीटरपेक्षा जाड, म्हणजे ३०० मीटरच्या स्पर्धेतही चालणार नाही.

*.३१५.* हा प्रश्न खास विदर्भातला. मालगुजारांच्या वाड्यात भिंतीवर लटकलेली, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेली. "काका, हिच्यावर स्कोप बसवून लांबचं जमेल का?" नाही जमणार. इंग्रजांच्या काळात .३०३ फौजेसाठी राखून ठेवलं, म्हणून सामान्यांसाठी हा वेगळा बोअर चालवला गेला. गोळी जड, बोथट, संथ. शंभर मीटरच्या आत बरी, पुढे ती ढेकळासारखी खाली येते. वारसा म्हणून जपा, परवाना वेळेवर नूतनीकरण करा.

सातवी पायरी: नळीचा पीळ

थोडक्यात. नळीच्या आत पीळ असतो, तो गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतो. 'एकास बारा' म्हणजे बारा इंचांत एक फेरा, 'एकास आठ' म्हणजे आठ इंचांत. लांब, जड गोळीला जलद पीळ लागतो. एकास बाराच्या .२२३ मध्ये ८० ग्रेनची गोळी घातली तर ती कागदावर आडवी पडून किल्लीच्या भोकासारखं छिद्र पाडते. रायफल घेताना पीळ विचारा, मग त्याला पेलेल ती गोळी घ्या. .२२ एलआरमध्ये हे डोकं लावायची गरज नाही, सगळ्यांचा पीळ जवळपास एकच असतो.

आठवी पायरी: नागपूरचं ऊन हिशेबात धरा

जानेवारीच्या सकाळी १२ अंश, मेच्या दुपारी ४५. एवढ्या फरकात हवा सुमारे दहा टक्के विरळ होते, गोळीला अडथळा कमी होतो, ती थोडी वर लागते. ध्वनीचा वेग ३३८ वरून ३५७ मीटरवर जातो. दारू तापली की काडतुसाचा वेगही वाढतो. हिवाळ्यात झिरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली, रायफल उन्हाळ्यात तशीच वापरली तर ५० मीटरवर फारसं कळणार नाही, ३०० वर कळतं. लांब पल्ल्याला तर कोणत्या अंतराला नेम किती वर धरायचा तो तक्ताच बदलावा लागतो.

.३०८ ची १६८ ग्रेनची प्रसिद्ध गोळी १००० यार्डांच्या आसपास ध्वनीच्या वेगाशी येते आणि तिथे डगमगते, म्हणून लांबवर १५५ किंवा १७५ ग्रेनची वापरतात. बोअर तोच, गोळी चुकली की रायफलीला शिव्या.

मृगजळाचं काय? स्पॉटिंग स्कोपमधून पाहिलं की उन्हाळ्यात सकाळी नऊलाच कागदासमोर हवा उकळताना दिसते. ती तिरकी वाहत असेल तर वारा त्या दिशेनं आहे, सरळ वर जात असेल तर वारा पडला आहे किंवा तुमच्याकडे येतो आहे किंवा पाठीमागून आहे. या उकळीत लक्ष्य जागेवरून हललेलं दिसतं, आणि तुम्ही हललेल्या लक्ष्यावर मारता. म्हणून आमच्याकडे मार्चनंतर साडेसहाला पहिली गोळी आणि साडेआठला रायफल पेटीत.

यंत्रावर डोळे मिटून विश्वास नको, हेही नागपूरकरांना शिकवायला नको. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. वाऱ्याचं मीटर घ्या, पण झेंडीही बघा.

आणि माझी स्वतःची चूक. एका मेमध्ये मी .२२ च्या दहा डब्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बर्डीला एका कामासाठी उतरलो. तासाभरानं आलो. मॅचच्या .२२ च्या गोळीवर मेणासारखा पातळ लेप असतो, तो मऊ होऊन डबीच्या प्लॅस्टिकला लागला होता. दिसायला काही बिघडलं नव्हतं. त्या आठवड्यात काडतुसं सोडून मी ट्रिगर, श्वास, जॅकेट, चष्मा, सगळ्याला दोष दिला. दहापैकी आठ गोळ्या बरोबर, दोन कुठेतरी भलतीकडे. शेवटी डब्या बदलल्या आणि ग्रुप परत मिटला. तेव्हापासून काडतुसं दही नेतात त्या थर्माकोलच्या डब्यात, कुलूप लावून, सीटखाली.

नववी पायरी: लॉट तपासा

बोअर ठरला, रायफल मिळाली. तरी निवड संपत नाही. .२२ मध्ये एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या दोन खेपांमध्ये, फरक असतो आणि तुमच्या नळीला कोणता मानवेल हे नळीच सांगते. एली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस, मिळेल त्याचे तीन-चार लॉट थोडे थोडे आणा. सकाळी वारा नसताना, रायफल सँडबॅगवर टेकवून, प्रत्येक लॉटचे पाच-पाच गोळ्यांचे किमान चार ग्रुप मारा. लॉट बदलला की नोंदीच्या आधी पाच-सहा गोळ्या वाया घालवा, कारण नळीत आधीच्या मेणाचा लेप असतो.

मग कागद घरी आणा, व्हर्नियरनं मोजा. एका लॉटचे चार छिद्र एकमेकांत मिसळलेले आणि पाचवं सरळ खाली असेल तर ते काडतूस मंद होतं. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी पाऊण सेंटिमीटर खाली जाते. तेवढ्यानं दहाची कडी जेमतेम शिवली जाते, हात जरा हलला की नऊ. आडवं पसरलं असेल तर वारा किंवा रायफल तिरकी धरली. उभं-आडवं दोन्ही पसरलं असेल तर आधी स्वतःकडे बघा. सगळ्यात चांगला एक ग्रुप बघून लॉट निवडू नका, सगळ्यात वाईट ग्रुप कोणाचा सगळ्यात लहान ते बघा. स्पर्धेत वाईटच आठवतो.

तो क्रीडमूरवाला पोरगा पुढच्या रविवारी आला. संघटनेची .२२ दिली, प्रोनमध्ये झोपवलं, पट्टा आवळून दिला. दहा गोळ्यांत चार सेंटिमीटर आडवा पसारा. कागद हातात घेऊन म्हणाला, "काका, वारा डावीकडून होता ना?" आणि वहीत तसं लिहिलंही. मी त्याला रेंजकडे बोट करून दाखवलं. १० मीटरवरची झेंडी उजवीकडे फडफडत होती, ३० मीटरवरची डावीकडे. त्यानं थोडा वेळ दोन्हीकडे पाहिलं, वहीतली ओळ खोडली आणि आणखी दहा गोळ्या मागितल्या.